माडांमागचा निळा ठिपका

बेहाला, कोलकाता
१२ नोव्हेंबर २०२४

चि. मनोहरला ताईचे आशीर्वाद.

यंदाही भाऊबीज विसरलास ना? पाट मांडून ठेवला होता, शेवटी त्यावर मीच बसले. माझं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, मी त्यांच्यावर ओरडते. हे पत्र माझी नात चैत्राली लिहिते आहे. तिच्या अक्षराला हसू नकोस, मला तर तेवढंही येत नाही.

ही पोरगी कॉलेजात समुद्रकाठच्या वाळूच्या बेटांचा अभ्यास करते. परवा तिने नव्वद वर्षांपूर्वीचा नकाशा माझ्यापुढे पसरला. "आजी, तुझं गाव शोध." अक्षरं माझ्याशी कधी बोलली नाहीत, नकाशा मात्र बोलला. इकडे समुद्र, तिकडे खाडी, मधे आपला वाळूचा दांडा, सुरीच्या पात्याएवढा. रस्ता नाही, रिसॉर्ट नाही. मी बोट फिरवत गेले. होड्या ओढायची जागा, देऊळ, माड. माडांमागे, खाडीच्या अंगाला, एक निळा ठिपका.

"ही विहीर, आजी."

"मला सांगतेस? लग्न होईपर्यंत तिचंच पाणी भरलंय मी."

पोरीने माझ्याकडे बघितलं. "पण ती समुद्रात गेली असं तूच सांगितलं होतंस ना?"

आता हिने पेन थांबवलंय. लिही गं, सगळं लिही.

मनोहर, तीन वर्षांपूर्वी पंचनाम्याच्या वेळी तू घसा फोडून सांगत होतास, की रिसॉर्टच्या भिंतीखाली गावाची गोडी विहीर बुजते आहे. मी तेव्हा गावी आले होते, म्हणून पंचांनी मला विचारलं. मी म्हटलं, ती कधीच समुद्राने गिळली, याला काही आठवत नाही. आणि अंगठा दिला. लोक हसले. तेव्हापासून तू गावात विसरभोळा.

विहीर कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. दोन भाऊबीजा तू आला नव्हतास, त्याचा राग होता. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तुझी सरला फोनवर म्हणाली, पंचवीस तारखेला तहसीलीत विहिरीची सुनावणी आहे आणि तू एकटाच जाणार. नकाशाची प्रत सोबत आहे. हे पत्रही तिथे सगळ्यांसमोर वाच. हसायचंच असेल तर या वेळी लोक मला हसू देत.

खाली अंगठा उठवला आहे. आधी दोनदा वाचून घेतलं.

तुझी ताई

उत्तर लिहू नकोस, मला कुठे वाचता येतं? राग गेला असेल तर आमसुलं पाठव. नसेल गेला तर कुळथाचं पीठ पाठव. पण काहीतरी पाठव.