वरच्या खोलीची नोटीस

४ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
सोबत माझ्या वकिलांची नोटीस आहे. मनावर घेऊ नकोस. बाबांनी मृत्युपत्रात वरची खोली तुला दिली, ती तू दडपण आणून लिहून घेतलीस, असं तिच्यात म्हटलंय. वकील म्हणतात, असंच लिहायची पद्धत असते. दुरुस्तीला आलेली घड्याळं ठेवायला मला जागा पुरत नाही, म्हणून हा खटाटोप. तू तीस वर्षं कोर्टात टंकलेखन केलंस, तेव्हा जरा नजर घालून चुका काढून दिल्यास तर बरं होईल. गुडघा कसा आहे?
माया आटू देऊ नये.
तुझा धाकटा

११ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
नोटीस तपासून परत पाठवते. चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटी झालीय, त्यामुळे तू माझी खोली सोडून शेजारच्या छापखान्यावर हक्क सांगतो आहेस. दडपणाचा परिच्छेद खोडलाय. बाबांवर दडपण आणणारा माणूस अजून जन्मायचाय. शपथेवर तसं सांगताना तुलाच हसू फुटेल.
मुख्य गोष्ट तुझ्या वकिलांना दिसलीच नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. आपल्या कागदावर एकट्या कंपाउंडरची सही आहे. दुसरे गृहस्थ चहा पिऊन तसेच गेले. एवढा एकच मुद्दा मांड. मृत्युपत्र टिकणार नाही आणि अर्धी खोली तुझी होईल. खालचं घर तर बाबांनी हयातीतच तुझ्या नावावर केलंय. मूळ कागद वकिलांकडे सोडू नकोस, नकला दे. गुडघा दुखतो, पण दाद कुणाकडे मागणार?
खुशाली कळवत जा.
ताई

१९ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
तुझं पत्र वाचून वकील आधी लाल झाले, मग म्हणाले, दावा जिंकल्यात जमा आहे. त्या आनंदात सुधारलेली नोटीस मी स्वतःच द्यायला तुझ्याकडे आलो. तू नव्हतीस. दाराशी भांडी बांधलेली, गादीची वळकटी. शेजारीण म्हणाली, घरमालकाने महिनाअखेर जागा सोडायला सांगितलंय, पण काळजी नाही, ताई भावाच्या वरच्या खोलीत जाणार आहेत. मग तिने विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, घड्याळवाला. नोटीस खिशातच राहिली.
जागा जातेय हे कळवलं नाहीस आणि साक्षीदाराचं तेवढं कळवलंस! तुझी भावजय दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. दावाबिवा काही नाही. खोली तुझी. किल्ली पाठवतोय. रागाव, पण ये.
धाकटा

२७ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
माझी अडचण कळवली नाही, कारण तो कायद्याचा मुद्दा नव्हे. साक्षीदाराचं मात्र लपवून पाहिलं. दोन दिवस घास उतरला नाही. लोकांनी लपवलेलं आयुष्यभर टंकलं, म्हणून आपल्याला जमतं असं नाही.
‘खोली तुझी’ असं पत्रात लिहून खोली कुणाची होत नाही. हक्कसोडपत्र करून नोंदणी कर. त्याआधी दुसरा वकील बघ. मला विचारू नकोस, मी विरुद्ध पक्ष आहे.
नोंदणीपर्यंत पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं होतं. पण हे पत्र वरच्या खोलीतूनच लिहिते आहे. सकाळी तू दुकानात गेल्यावर सामान आणलं, भावजयीने हातभार लावला. आता तू परतलेला दिसतोस, खोकला ऐकू येतोय. औषध घे. जिना उतरून पत्र हातात देता आलं असतं, पण टपालानेच पाठवते. तारखेचा शिक्का असलेला बरा.
जीव लावतोस तसाच लाव.
ताई