सायलेन्सबाईंचं बाळंतपण

स्पर्विक, मॅसॅच्युसेट्स
मंगळवार

ती. कॉन्स्टन्सताईस,

तुझ्या एकुलत्या एक भावाचा (म्हणजेच लाडका, असं मी धरून चालतो) सप्रेम नमस्कार. ओहायोच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? वॉल्टरदाजींचा खोकला गेला का? आम्ही इकडे जिवंत आहोत. गेल्या आठवड्यात जे झालं ते पाहता हेही पुष्कळच म्हणायचं.

येत्या शनिवारी गावाचा स्थापनादिन. पहिल्या रांगेतली ती मखमली खुर्ची मूळ वसाहतकऱ्यांच्या सगळ्यात थोरल्या वंशजाला मिळते, आणि यंदा मान आपल्या पेशन्स आत्याचा. एक्क्याण्णव वर्षांची बाई, त्यातली चाळीस तिने दुसऱ्या रांगेत, वंशज मंडळाच्या अध्यक्ष ड्रसिला बिगनेल यांच्या टोपीमागे काढली. (टोपीवर पक्षी आहे. अख्खा.) "एकदा त्या खुर्चीत बसू दे, मग खुशाल मरेन," असं ती मला रोज सकाळी फोनवर ऐकवते. मात्र मंडळाचा नियम असा की वंशावळीचा प्रत्येक दुवा औरस हवा आणि गावच्या दप्तरात नोंदलेला हवा. आपला मूळपुरुष कॅप्टन प्रिझर्व्हड थॅक्सबी (नाव लोणच्याच्या बरणीचं, पण माणूस शूर), बायको सायलेन्स, मुलगा होपस्टिल, आणि तिथून घसरत घसरत तू नि मी. हे दुवे शोधायचं काम आत्याने माझ्या गळ्यात मारलं. मी म्हटलं, अगं आत्या, मी दातांचा डॉक्टर. तर म्हणते कशी, "मग मुळापर्यंत जायची सवय असेलच तुला."

गेलो मुळापर्यंत. नगरकचेरीच्या तळघरात ते जाडजूड दप्तर उघडलं आणि ताई, बघ काय निघालं. कॅप्टन आणि सायलेन्स यांचं लग्न, सहा एप्रिल १६९८. मुलगा होपस्टिलचा जन्म, चौदा मार्च १६९८. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. पोर लग्नाच्या तीन आठवडे आधी! तीस वर्षं मी लोकांच्या दातांवर पोट भरलं, पण दातखीळ बसते म्हणजे नक्की काय होतं ते त्या दिवशी कळलं. आणि दुर्दैव बघ, शेजारच्याच टेबलावर ड्रसिलाबाई. माझा पडलेला चेहरा बघून त्या मान लांब करून डोकावल्या, (टोपीवरचा पक्षीही डोकावला) आणि "अरेरे, बिचारी पेशन्स!" असं इतक्या आनंदाने म्हणाल्या की कचेरीतल्या कारकुनाला वाटलं, कुणाला तरी लॉटरी लागली.

आत्याला मीच सांगितलं. तिने मासळीच्या सूपचा वाडगा बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणजे पोर आईबापांच्या लग्नाला हजर होतं?" मी म्हटलं, बहुतेक मांडीवर. "आणि मी आयुष्यभर त्या बिगनेलांना हलक्या घरचे म्हणत आले!" ती दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. मी दाराबाहेर ठेवलेलं ताट तसंच परत यायचं. ताई, आईबाप गेल्यावर आपल्याला वाढवणारी ती बाई एका तारखेपायी खंगताना बघून मला रडू आलं, खोटं नाही सांगत.

परवा चर्चच्या हॉलमध्ये बीन्सचं जेवण होतं. ड्रसिलाबाई सगळ्यांसमक्ष खुर्ची रद्द झाल्याचं जाहीर करायला उभ्या राहिल्या, तेवढ्यात नगरकचेरीतला तो कारकून, अबायल नाय, तोंडात घास असतानाच ओरडला, "अहो, पण तेव्हा वर्ष पंचवीस मार्चला सुरू व्हायचं!" म्हणजे असं, की १६९८ सालातला एप्रिल आधी यायचा आणि त्याच सालातला मार्च सगळ्यात शेवटी. लग्न आधी, पोर अकरा महिन्यांनी! वर तो ड्रसिलाबाईंकडे वळून म्हणाला, "बाई, हे तर तुम्हीच मला शिकवलंत." ड्रसिलाबाईंना आत्याची जाहीर माफी मागावी लागली. आत्याने ती दोनदा मागायला लावली, (पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणे) आणि मग तीन ताटल्या बीन्स खाल्ले. खुर्ची आपली, अब्रू आपली. देव आहे.

दाजींना नमस्कार.

तुझा,
लोवेल

ता. क. खरं तर पत्राचं कारण वेगळंच. कॅप्टनची जहाजावरची रोजनिशी तू लग्नात ओहायोला घेऊन गेलीस, ती शनिवारच्या आत पाठव. आत्याला ती काचेच्या पेटीत मांडायची आहे. शिवाय शिक्षा म्हणून ड्रसिलाबाईंनी ती मोठ्याने वाचून दाखवायची, असं ठरलंय.

ता. क. २. थांब! पाठवू नकोस! पाकीट चिकटवताना आठवलं. लहानपणी माळ्यावर बसून आपण दोघांनी वाचली होती ना? पहिलं पान : "१२ एप्रिल १६९८. लग्नाला सहा दिवस झाले. बार्बाडोसला निघालो." शेवटचं पान : "२ नोव्हेंबर. घरी पोचलो. माझ्यामागे गाय, लाकूडफाटा आणि सायलेन्स यांची नीट काळजी घेतल्याबद्दल शेजारी इन्क्रीज बिगनेल यांचे देव भले करो." आणि पोर त्यानंतरच्या मार्चमध्ये! बोटं मोज ताई, मी चार वेळा मोजली. चुकलेल्या तारखेने पोर निदान कॅप्टनचं तरी होतं. बाई आपल्या नावाला जागली, जन्मभर सायलेन्स. आणि शेजारी इन्क्रीजही नावाला जागला, आपल्या घरात भर घालून गेला. रोजनिशी हरवली म्हण, उंदरांनी खाल्ली म्हण, पण आत्याला शनिवारी त्या खुर्चीत बसू दे.

ता. क. ३. आत्ताच आत्याचा फोन येऊन गेला. परवा माफीनंतर ड्रसिलाने तिला मिठी मारली होती. म्हणते, "काही म्हण लोवेल, इतकी वर्षं भांडलो, पण बाई अगदी आपल्या घरातली वाटली."