रूबेन सापडला

रूबेनचे पप्पा,

प्रभूच्या नावानं सलाम. फोनवर त्याचं नाव काढलं की तुम्ही ठेवता, म्हणून आपल्या अनुजाच्या हातनं ही चिठ्ठी.

रूबेन कोल्हापुरात दवाखान्यात हाय. काळजी करू नका, शुद्धीवर हाय, चहा प्याला. फक्त ट्रकखाली पाय चिरडलाय. उद्या सकाळी ऑपरेशन. मला लई भ्या वाटतंय. तुम्ही बीपीची गोळी घेतली का?

मला बघून त्यानं हातानं तोंड झाकलं. तुमच्यावर हात उगारून गेलेलं पोर. मी मारीन असं वाटलं असणार. मी हात बाजूला करून मुका घेतला.

रविवारी देवळात बायबल हातात घेऊन तुम्हीच सांगता की, उधळ्या पुत्राला लांबनं बघून बाप धावत सुटला.

"पप्पा आलं न्हाईत?" त्यानं विचारलं.

"वाटेत हायत," म्हटलंय मी. मला खोटं पाडू नका.

तुमची,
सुवार्ता