मामाचा खांब

सोमवार, ५ मार्च

आज माझाच स्पीकर मला सापडेना! मशिदीच्या मातीच्या भिंतीत कोनाडा कोरला, वर मातीच्याच रंगाचं कापड ताणलं – आणि असा बेमालूम लपवला की तासभर भिंत थोपटत फिरलो. लासिने गवंडी मागून ओरडला, "काय रे चवळीखाऊ, भिंतीची नाडी बघतोस का?" त्याच्या कुळाने आमच्या कुळाला चवळीखाऊ म्हणायचंच, ही थट्टेची जुनी मुभा. आज तर मान खाली घालून ऐकून घेतलं.

बुधवार, ७ मार्च

चाचणी झाली. आवाज खणखणीत!

ही मशीद आवाज गिळते. म्हणून तीस वर्षं बामोयमामा मधल्या खांबापाशी उभा राहून इमामसाहेबांचं वाक्यन् वाक्य मागच्या रांगांना मोठ्याने सांगतो. आता ते काम माझे हे स्पीकरचे डबे करणार. ज्याने मला वाढवलं, राजधानीत, बामाकोला शिकायला धाडलं, त्याचीच जागा मी काढून घेतली. वा रे भाचा! रात्री मामाने माशाचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्याच्याकडे सरकवला.

गुरुवार, ८ मार्च

ठरलं. मागच्या रांगांचे स्पीकर उद्या बिघडणार.

शुक्रवार, ९ मार्च

प्रवचनाआधी गुपचूप बटण बंद केलं. मग सगळ्यांदेखत वायर हलवून कपाळावर हात मारून घेतला. नाटकातच जायला हवं होतं मी! मागून आरोळी – "पेटी मेली! बामोय, ऊठ!" मामा उठला, खांबापाशी गेला. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

तिसऱ्या वाक्याला त्याचा आवाज चिरकला. चौथ्याला फुटलाच नाही. नुसते ओठ हलत होते. कोणी हसलंसुद्धा नाही.

शनिवार, १० मार्च

इमामसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, "बामोय वर्षभर माझ्या मागे लागला होता. म्हणायचा, घसा गेलाय, यंत्र बसवा, भाच्याला बोलवा. फक्त घशाचं त्याला कळू देऊ नका – दया करत बसेल."

मी ती दया करून मोकळा झालो होतो. भर मशिदीत! इतका मूर्ख मीच असू शकतो. फार लाज वाटते.

शुक्रवार, १६ मार्च

सगळे स्पीकर चालू. मामा शेवटच्या रांगेत, डोळे मिटून. बाहेर पडताना माझ्या कानाशी घोगरं पुटपुटला, "छान ऐकू येतं रे. आता पुन्हा बटण बंद करू नकोस."