बाबांचे बूट, ताजमहालाचा घुमट आणि आई

५ मे, रविवार
दादा सकाळीच टपकला, पिंपरीहून. हातात कलिंगड, डोक्यात नवीन खूळ. बुद्धपौर्णिमेला विहाराच्या हॉलमध्ये आपल्या घरच्या प्रवासाच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं म्हणे. कमिटीत हाच, म्हणजे ठरलंच. आईला विचारलंस का, म्हटलं. तर म्हणे, ती कशाला नाही म्हणेल?

नाही म्हणालीच नाही. उलट कपाटातून बिस्किटांचे पत्र्याचे डबे काढून दिले. दुपारभर पलंगावर फोटोच फोटो. आग्रा, सांची, सारनाथ, अजिंठा, कन्याकुमारी. बाबा पाटबंधारे खात्यात होते, सरकारी प्रवासभाड्याची एलटीसी मिळाली की आम्ही चौघं निघालोच. होल्डॉलवर दादा, दादावर मी.

हसून हसून पोट दुखलं. एका फोटोत इमारत पूर्ण आली असेल तर शपथ! ताजमहालाला घुमट नाही. सांचीच्या तोरणाचे नुसते खांब. बाबा मात्र नखशिखांत. भर उन्हाळ्यात सूट आणि पायात चकचकीत बूट.

७ मे
ऑफिसातून येताना नारायण पेठेतल्या स्टुडिओत फोटो मोठे करायला टाकले. काउंटरवरच्या गृहस्थांनी एकेक निरखून पाहिला.
"यात ताजमहाल कुठंय?"
"मागे आहे की."
"असं होय. मला वाटलं, कुणाच्या बंगल्याचा जिना."
खडूस मेला! पावती मात्र सुवाच्य अक्षरात दिली, आणि फोटो स्कॅन करून लगेच परत.

रात्री जेवताना आईला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, बूट नीट आलेत ना, मग झालं. आणि मग ते बुटांचं सगळं परत सांगत बसली. बाबा मॅट्रिकपर्यंत शाळेत अनवाणी गेले. त्यांच्या गावात वरच्या आळीतून जाताना आपल्या लोकांनी पायात काही घालायचं नाही, हातात धरायचं. पुण्यात नोकरी लागली आणि पहिल्या पगाराचे बूट घेतले. तेव्हापासून फोटो काढायचा म्हटलं की एकच घोषा, बूट आले पाहिजेत. मला हे माहीत होतं. तरी ताटातली पोळी गार होईपर्यंत ऐकत बसले.

१० मे
दादाने व्हॉट्सॲपवर निमंत्रण फिरवलं. मागे बोधिवृक्ष, सोनेरी अक्षरं. "कालकथित यशवंतराव यांनी टिपलेली प्रवासचित्रे." आमच्यात कैलासवासी म्हणत नाहीत, कालकथित. खाली अंगठ्यांचा पाऊस. मीही एक अंगठा देऊन टाकला.

आईला दाखवलं. चष्मा लावून तिने दोनदा वाचलं.
"छान. मेल्यावर शिकले वाटतं कॅमेरा धरायला."
मला कळेना. म्हणजे काय?
"अगं, फोटोत कोण आहे?"
"बाबा."
"मग काढलाय कोणी? ताजमहालाने?"

डोक्यात उजेड पडायला वेळच लागला. कॅमेरा बाबांचा, कातडी पिशवी बाबांच्या खांद्याला, म्हणून फोटोही बाबांचेच. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही "बाबांनी काढलेले" म्हणूनच हे डबे उघडून दाखवले. बाबाही नुसते मान डोलवायचे! आई तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. तू बोलली का नाहीस, विचारलं.
"बघत होते, कोणाच्या लक्षात येतंय का. आणि मग म्हटलं, आपण होऊन काय सांगायचं?"
आणि मी एम. ए., फर्स्ट क्लास. धन्य आहे.

११ मे
दादाला फोन. तो गाडीत.
"अगं सुजा, निमंत्रण गेलं सगळ्यांना. फ्लेक्स छापायला टाकलाय. आणि आई-बाबा काय वेगळे आहेत का?"
हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं. कुठून दुर्बुद्धी सुचली!

आईने डबे उचलले, कपाटात ठेवले, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. "वेगळे नाहीत ना? मग त्यांनाच सांग म्हणावं, नवीन काढून द्या." स्टुडिओची पावतीसुद्धा तिच्याच पर्समध्ये. मग शांतपणे आमरसाची दुसरी वाटी घेतली.

दादाचे तीन मिस्ड कॉल. मी काही उचलणार नाही. निस्तर म्हणावं तूच. पण पौर्णिमा तोंडावर आलीय आणि आई मागे हटणारी नाही. ती रुसली असती तर बरं, समजूत काढली असती. ही तर गाणं गुणगुणतेय.

१२ मे, रविवार
दादा-वहिनी आले. हापूसची पेटी घेऊन. लाच!
"बस," आई म्हणाली. तिच्यातल्या कॉर्पोरेशनच्या शाळेतल्या निवृत्त बाई जाग्या झाल्या. एक डबा उघडला, एक फोटो दादाच्या नाकासमोर धरला. "हा कुठे उभं राहून काढलाय, सांग." दादाने फोटो उलटून मागे काही लिहिलंय का पाहिलं. दुसरा. तोही उलटला. वहिनी पदराआड हसतेय.

मग आईनेच सांगायला सुरुवात केली. सारनाथला चणेवाल्याच्या स्टुलावर चढून काढला, तो खालून ओरडतोय, माताजी गिर जाओगी. कन्याकुमारीला साडी खोचून गुडघाभर पाण्यात, लाट आली तेव्हा स्वतः भिजली पण कॅमेरा डोक्यावर धरला. अजिंठ्याला ती मागे मागे सरकतेय आणि बाबा किंचाळतायत, "विमल, थांब, मागे दरी आहे!" म्हणून तो फोटो हललेला. आणि आग्र्याला तिच्या पाठीमागे एवढी गर्दी की पाऊल ठेवायला जागा नाही. घुमट घ्यावा तर बूट जातात. "घुमट सगळ्यांच्याच फोटोत असतो. म्हटलं, जाऊ दे."

आग्र्याच्या त्या फोटोत दादा भोकाड पसरून रडतोय. तो बघता बघता एकदम ताडकन उठला.
"आई, तू ओरडली होतीस! हलू नकोस म्हणून! मला आठवतंय!"
"मग? हलत होतास."
दादा खाली बसला. हळूच म्हणाला, "म्हणजे आपण सगळे हिच्याकडेच बघतोय की गं."

मी सगळा ढीग परत हातात घेतला. बाबा. घरात किती कडक होते! जेवताना बोलायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. आणि इथे प्रत्येक फोटोत तोंडभर हसतायत, दात दिसेपर्यंत. मला वाटायचं, बाहेरगावी गेलं की त्यांना बरं वाटायचं. ते आईकडे बघून हसत होते. साडी खोचून, स्टुलावर चढून, एक डोळा मिटून त्यांना दटावणाऱ्या आईकडे. मला रडू आवरेना. इतका आनंद झाला की रडूच आलं. दादा नाक शिंकरत होता, सर्दी म्हणे. मे महिन्यात!
"फोटोंवर नका रडू," आई म्हणाली, "डाग पडतील."
किल्ली मात्र अजून कमरेलाच. आधी फ्लेक्स दाखव, मग डबे.

१६ मे
दादाने नवीन फ्लेक्सचा नमुना पाठवला. "सहकार्य : श्रीमती विमल." आईने कागदावर छापून आणायला लावलं आणि लाल पेनाने फुली मारली. दुसरा आला, त्यात बाबांचं नाव आधी, तिचं नंतर. कमिटीतल्या काकांनी फोन करून विनवलं, "ताई, दोघांची नावं शोभून दिसतात हो."
"त्यांचं कशाला? ते नुसते उभे होते."
काका हसत सुटले, मलाही फोनमधून ऐकू आलं. तिसरा नमुना पास. छायाचित्रे : श्रीमती विमल. बास, एवढंच.
किल्ली मिळाली. पावतीही. स्टुडिओवाल्यांना सांगितलं, फोटो माझ्या आईने काढलेत. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अजून काढतात का?"

२३ मे, पौर्णिमा
उकाडा मी म्हणतोय. हॉल गच्च. खिरीच्या द्रोणांची रांग एकीकडे, फोटोंपुढची रांग दुसरीकडे, आणि बायका एकेका फोटोपुढून हलत नाहीत. आई पांढऱ्या साडीत पहिल्या खुर्चीत. पाय हलवत होती, म्हणजे घाबरली होती.

पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याकडे जुनंच निमंत्रण. सुरू झाले, "यशवंतरावांची नजर पाहा, सामान्य माणूस ज्याकडे..." पाठीमागे एवढा मोठा फ्लेक्स! मी खुर्चीतूनच फ्लेक्सकडे बोट दाखवायला लागले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आरोळी आली, "विमलताई! विमलताईंनी काढलेत!" मग सगळा हॉल. बिचारे सर घाम पुसत फ्लेक्सकडे वळून वाचू लागले.

आई उठली. माइक घेतला. मी देवाशप्पथ म्हणणार होते, पण आमच्यात तेही चालत नाही.
"सर, आमच्या यांची नजर चांगलीच होती. पण ती माझ्याकडे होती."
शिट्ट्या! विहारात शिट्ट्या! आणि आई, ऐंशीला टेकलेली बाई, चक्क लाजली. मी इतकी खूश शेवटची कधी होते, आठवत नाही.

२४ मे
पाय दुखतायत, खीर उरलीय. आज सुट्टी टाकली.

दुपारी लँडलाइन वाजला. त्यावर हल्ली कोणी फोन करत नाही. आईनेच उचलला. "हो, मीच बोलतेय. हो, फोटो मीच काढते." मी पेपर खाली ठेवला. विहाराची बस हिवाळ्यात सांचीला जाणार आहे, फोटो काढायला तुम्हीच चला, असं पलीकडून कमिटीतलं कोणी म्हणत होतं. आई ऐकत राहिली, हूं हूं करत. दादाला मेसेज केला तर लगेच उत्तर, गुडघ्यांचं काय, अजिबात नाही, डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना. बरोबरही आहे त्याचं. मला विचाराल तर मला काहीच ठरवता येत नाही.

आईने फोन ठेवला.
"काय सांगितलंस?"
"उद्या सांगते म्हटलं. लगेच हो म्हटलं की किंमत राहत नाही."