पाहुण्याचा कप

सातपूर, मंगळवार, डिसेंबर १९८९

नव्या नियमाने दहावा माणूस मोजला गेला की आमच्या वर्कशॉपला कामगार विमा लागू! म्हणून आज इन्स्पेक्टर दारात दिसताच लेथवरच्या काशिनाथला ऑफिसात बसवलं. "हे आमचे पाहुणे," म्हणालो. वर चहाचा कप दिला. पांढरा कप आणि ऑइलने काळी झालेली त्याची बोटं... साहेबांना दिसलं नसेल? काशिनाथ बिचारा चहा पीत राहिला.

साहेब गेल्यावर मला म्हणाला, "शेठ, हे विम्याचं साहेब ना? मंग आता माझं कार्ड निघंल? बायकोला दिवस गेलेत, दवाखान्याला कामी यील."

म्हणजे का बसवलं, हे त्याला कळलंच नव्हतं. सांगायला हवं होतं. मी नुसतं "बघू" म्हणालो.

आणि तो कप त्यालाच विसळायला लावला.