बोटीवरच्या भावाचा सल्ला

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अ. आ.

वि. वि. मी पोहायला शिकते आहे. हसून घे, मग पुढे वाच.

झालं असं, इथल्या पोहण्याच्या तलावावरच्या बायकांनी माझ्याकडे बारा पोशाख शिवायला टाकले. ते द्यायला गेले, तर माझ्याच वयाची एक बाई पाण्यावर उताणी पडलेली, डोळे मिटून, जणू आता तिच्याकडे कुणी काही मागणारच नाही. पंचावन्न वर्षांत मी अशी पलंगावरसुद्धा पडले नाही. घरी येऊन उरलेल्या कापडात तेरावा पोशाख बेतला.

शिकवणारी माझ्या लेकीहून लहान. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून आम्ही तिला शिट्टीच म्हणतो. आठ दिवस झाले, नाकातोंडात पाणी जाण्यापलीकडे प्रगती नाही. तू सव्वीस वर्षं बोटीवर स्वयंपाक करतोस, तुझ्या समुद्रातल्या उड्या घरातल्या पोरांना पाठ आहेत. तेव्हा तुझी युक्ती कळव. दुसऱ्यांना वाढताना स्वतःही जेवत जा.

तुझी ताई

ता. २० मार्च

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र बंदरावर मिळालं. भटारखान्यात बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसलो, आणि समोर कांदे नव्हते.

अगं, त्यात काय एवढं? छाती फुगवायची, अंग काठीसारखं ताठ ठेवायचं, मान कायम वर आणि पाय दणादण आपटायचे. आपण घाबरलोय हे पाण्याला कळू द्यायचं नाही. बाकी पाण्यात पडलं की पोहता येतंच. मी तर विचारही करत नाही.

तुझी थट्टा करायचा हक्क असाच राहू दे.

तुझा धाकटा

ता. ८ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. आ.

पाण्यात पडले. आलं नाही.

तू सांगितलंस तशी काठी झाले, मान वर, पाय दणादण, आणि थेट तळाला. शिट्टीने बांबू पुढे केला म्हणून हे पत्र लिहिते आहे. हे कुणी शिकवलं, असं तिने विचारलं. मी तोऱ्यात सांगितलं, भाऊ बोटीवर असतो. ती म्हणाली, मान वर केली की पाय खाली जातात हे पाण्यात उतरलेल्या कुणालाही ठाऊक असतं. तुमचे भाऊ पाण्यात असतात की नुसते पाण्यावर?

तिच्यासमोर तुझी बाजू घेतली. आता तुला विचारते, तुला पोहता येतं का? शपथा नकोत, नुसतं हो की नाही लिही. काहीही लिहिलंस तरी माझाच आहेस.

तुझी ताई

ता. २९ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

नाही.

एवढंच लिहून पाकीट चिकटवलं होतं, मग फाडलं. नोकरीला लागताना तरंगायचं जाकीट घालून एक उडी मारावी लागली, ती डोळे मिटून मारली आणि दोघांनी मला ओढून काढलं. पोरांना सांगितलेल्या उड्या सगळ्या दुसऱ्यांच्या. एकदा बाता मारल्या की त्यांना रोज खाऊपिऊ घालावं लागतं.

तुला ते शहाणपण लिहिलं, त्याच्या पुढच्याच आठवड्यात आमच्या बोटीचा रंगारी धक्क्यापाशी पाण्यात पडला. चौघांनी उड्या घेतल्या. सगळ्यांत जवळ मी होतो, हातात डाव घेऊन उभा. तो वाचला. मला कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून त्याच्या ताटात दोन घास जास्त वाढतो आणि त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही.

हसू नकोस. हसलीस तर कळवू नकोस.

तुझा धाकटा

ता. १६ मे

चि. धाकट्यास, अ. आ.

हसले. मग शिवणयंत्रावर एकच शिवण दोनदा उसवली.

आता माझंही ऐक. पहिले आठ दिवस मी पायरीच सोडली नव्हती. नाकातोंडात गेलेलं पाणी नळाखालचं होतं. आपण दोघं एकाच आईची लेकरं. पण आता मी पंधरा हात जाते, बेडकासारखी का होईना.

जूनमध्ये सुटीवर येशील. शिट्टीकडे तुझं नाव घातलं आहे. चड्डी शिवून तयार आहे, कमरेत दोन बोटं सैल ठेवली आहे. बायकोला मात्र तूच सांग. ते पाणी जास्त खोल आहे, कळतं मला. पण ये.

तुझी ताई

ता. २ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

सुखरूप पोचलो. तुझी भावजय अजून रुसलेली आहे. पोहता येत नव्हतं म्हणून नव्हे. मी बुडेन याची काळजी करायची सोडून सव्वीस वर्षं ती मी जाडा होईन याची करत बसली, म्हणून. तरी महिनाभर काठावर बसून शिट्टीपेक्षा मोठ्याने ओरडली तीच.

पाठीखाली हात धरून तू म्हणालीस की तीनला सोडणार, आणि तीनलाच सोडलंस. दुसरं कुणी असतं तर दोनलाच सोडून मोकळं झालं असतं. तेव्हा बुडताना जे बोललो ते थोरल्या बहिणीला बोलू नये. माफ कर.

काल बोट नांगरावर होती. सगळे शिडीवरून उतरले, शेवटी मीही. वीस हात गेलो, वीस हात परत आलो. रंगारी शेजारून पोहत होता. इतकी वर्षं का उतरला नाहीस, असं त्याने विचारलं. मी त्याच्याकडे बघून सांगितलं, येत नव्हतं. तो हं म्हणाला आणि पुढे गेला.

एवढंच, ताई. ज्या दोन शब्दांना मी सव्वीस वर्षं भ्यालो, त्यांना लोक नुसतं हं म्हणतात.

तुझ्या पंधरा हातांचे पन्नास होवोत, आणि माझ्यावरची माया तसूभरही कमी न होवो.

तुझा धाकटा